काळ्या घेवड्याचा कॅप्टन

१९३७ च्या जानेवारीत आमच्या शंभरीला कॅप्टन नेमायची वेळ आली आणि चौऱ्याऐंशी माणसांत एकही जण ते पद घ्यायला तयार होईना.

शंभरी म्हणजे शंभर जणांची तुकडी. आम्ही चौऱ्याऐंशीच उरलो होतो, कारण सोळा जण ऑलिव्ह उतरवायला म्हणून गावी गेले होते आणि त्यांचे ऑलिव्ह काही संपत नव्हते. आरागोनच्या त्या उघड्या टेकडीवर, सान मेदार्दोच्या पडक्या चॅपेलभोवती खंदक खणून आम्ही ऑगस्टपासून बसलो होतो. समोरच्या टेकडीवर सरकारविरुद्ध उठलेल्या बंडखोर जनरलांची माणसं बसली होती. मधल्या दरीत बदामाची झाडं होती, त्यांचे बदाम त्या वर्षी कुणीच खाल्ले नाहीत. मी ब्लास आरिन्यो. गावात पाव भाजायचो, टेकडीवरही पावच भाजत होतो, फक्त बंदूक भट्टीला टेकवून ठेवलेली असे.

आमचा कारभार साधा होता. दहा जणांमागे एक म्होरक्या आणि त्या सगळ्यांवर शंभरीचा एक म्होरक्या. सगळे हात वर करून निवडलेले, आणि हात वर करूनच उतरवता येणारे. शंभरीचा म्होरक्या होता एवारिस्तो बुइल, पन्नाशीचा गवंडी. त्याला आम्ही दोनदा उतरवला आणि दोन्ही वेळा परत चढवला, कारण पहाटे उठून स्वयंपाक्याशी भांडायला दुसरं कुणी तयार नव्हतं. साहेब कुणी नव्हतं, सलाम नव्हता. 'आपण' हा शब्द तर आम्ही जमीनदाराबरोबरच गावातून हाकलला होता. सगळे एकमेकांना 'तू'.

अशात एका सकाळी खेचरावर बसून निरोप्या आला आणि ब्रिगेडचा कागद देऊन गेला.

"वाच," एवारिस्तो मला म्हणाला. वाचता त्यालाही येत होतं, पण सरकारी कागदाला तो हात लावत नसे.

मी वाचलं. यापुढे सगळ्या स्वयंसेवकांचं नियमित सैन्य होणार. आमच्या शंभरीची कंपनी होणार. कंपनीला एक कॅप्टन, त्याच्या हाताखाली लेफ्टनंट, मग सार्जंट, मग कॉर्पोरल, आणि सर्वांत खाली शिपाई. वरच्याला 'आपण' म्हणायचं आणि मूठ कपाळाशी नेऊन सलाम करायचा. शनिवारच्या आत नावं कळवायची.

"सर्वांत खाली शिपाई," मशीनगनवाला निकासियो म्हणाला. हा धनगर. युद्धाआधी वर्षातले दहा महिने मेंढ्यांशिवाय कुणाशी बोलायला मिळत नसे, त्याची सगळी भरपाई तो आमच्यात करून घेत होता. "म्हणजे काल आपण वर होतो की काय? मला कुणी सांगितलं नाही ते!"

"मी वीस वर्षं कॅप्टन या जातीला शिव्या दिल्यात," एवारिस्तो म्हणाला. "आता माझ्याच बाहीवर पट्ट्या शिवू? फाड तो कागद."

मी फाडणारच होतो, पण तेवढ्यात शेवटची ओळ दिसली. "बूट, कांबळी आणि काडतुसं फक्त कॅप्टनच्या सहीने मिळतील."

सगळ्यांनी खाली बघितलं. आमच्या पायांत दोरीच्या चपला होत्या, वर चिंध्या गुंडाळलेल्या. सिएर्सो वारा उत्तरेकडून असा येत होता की शेकोटीचा जाळसुद्धा आडवा पडत होता.

सभा तीन तास चालली. कॅप्टन हवा यावर एकमत झालं. मी नको, यावरही एकमत झालं, प्रत्येकाचं आपापल्यापुरतं. शेवटी स्वयंपाकी गौदिओसोने पातेलं आणलं. त्यात पांढऱ्या घेवड्याचे त्र्याऐंशी दाणे आणि एक काळा. डोळे मिटून हात घालायचा, ज्याला काळा लागेल तो कॅप्टन.

एकेकाने हात घातला. पांढरा दाणा निघाला की माणूस असा सुस्कारा सोडायचा की जणू फाशीतून सुटला. पन्नास झाले, साठ झाले. मग तेलेस्फोरो पुएयोची पाळी आली.

तेलेस्फोरो आमच्या गावचा न्हावी. चाळिशीचा, काटकुळा, हळू बोलणारा. दाढी करताना गिऱ्हाइकाची मान वळवायची असली तरी आधी माफी मागणारा माणूस. त्याने हात घातला, मूठ बाहेर काढली, थोडी उघडून आत बघितलं आणि दाणा झटकन तोंडात टाकला.

"गिळला!" निकासियो ओरडला. "अरे, काळा होता तो, त्याने गिळला!"

"पांढरा होता," तेलेस्फोरो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. कच्चा घेवडा घशात अडकला होता. "भूक लागली होती म्हणून..."

कुणीतरी पाठीत बुक्की घातली, पण दाणा खालीच गेला. मग उरलेल्यांनी हात घातले. सगळे पांढरे. पातेलं उपडं केलं, काळा दाणा कुठेच नाही.

"सोबत्यांनो, माझे पाय सपाट आहेत," तेलेस्फोरो म्हणाला.

"कॅप्टनला चालायचं नसतं," एवारिस्तो म्हणाला. "आता सही कशी करतोस ते दाखव."

बाकीची पदंही पातेल्यातूनच निघाली. मी लेफ्टनंट झालो. गौदिओसो सार्जंट झाला. एवारिस्तोने मात्र पातेल्यात हात घालायला नकार दिला आणि आपणहून कॉर्पोरलपद घेतलं. "नाव असलेलं सगळ्यात खालचं पद," तो म्हणाला, "एवढी लाज मला सोसेल."

कॅप्टनवर सभेने अटी घातल्या. जेवणाच्या रांगेत तो सगळ्यांसारखाच उभा राहील. आपली थाळी आपण धुवेल. दिवसाला तीनच हुकूम देईल, आणि प्रत्येक हुकुमाचं कारण विचारायचा हक्क प्रत्येकाला असेल. 'आपण' म्हणायची सक्ती फक्त परक्या माणसांसमोर, असं ठरलं होतं, पण लोकांना त्याची भलतीच गोडी लागली.

"कॅप्टनसाहेब," निकासियो शेकोटीपाशी म्हणायचा, "आपण जरा सरकता का? आपलं ढुंगण सगळी ऊब अडवतंय."

"कॅप्टनसाहेब, आपण माझा चमचा चोरलात, आपल्याला लाज वाटते का?"

तेलेस्फोरो सरकायचा. चमचाही परत द्यायचा, तो त्याचा स्वतःचा असला तरी.

खरी अडचण गुरुवारी आली. गुरुवारी त्याची बायको ओरोसिया धुतलेले कपडे घेऊन गावातून वर यायची. गावच्या सामुदायिक शेतीच्या समितीत ती होती आणि भाषणात एवारिस्तोलासुद्धा गप्प करायची. तिने नवऱ्याच्या बाहीवरच्या पट्ट्या बघितल्या आणि गाठोडं खाली टाकलं.

"फोरो, हे काय आहे?"

"सही करायला लागते. बुटांसाठी."

"बुटांसाठी माणूस कॅप्टन होतो? उद्या टोपीसाठी बिशप होशील!"

"माझं नाव निघालं गं."

"ओरोसिया, त्याची चूक नाही," निकासियो मधे पडला. "त्याने घेवडा गिळला होता बिचाऱ्याने."

"गिळला?" ती नवऱ्याकडे वळली. "ऐंशी माणसं समोर असताना गिळलास? शेजारच्याच्या खिशात टाकता येत नव्हता?"

पातेल्यापाशी त्याच्या शेजारी मी होतो, म्हणून मी भट्टीत लाकडं सारायला लागलो. ओरोसियाने सदरा काढायला लावला, दाताने टाके तोडून पट्ट्या उसवल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या. पट्ट्या असलेला सदरा ती धुणार नव्हती. तेव्हापासून दर गुरुवारी ती उसवायची आणि दर शुक्रवारी तेलेस्फोरो खंदकात बसून त्या परत शिवायचा. पट्ट्या प्रत्येक वेळी थोड्या वाकड्या व्हायच्या.

बूट मात्र आले. सगळे एकाच मापाचे होते, पण बूट होते. आणि बुटांच्या पाठोपाठ तपासणीला कमांडंट रेबोयार आला.

हा पहिल्यापासून सैन्यात वाढलेला माणूस. बंड झालं तेव्हा त्याचे बहुतेक जोडीदार पलीकडे गेले, हा आमच्या बाजूला राहिला. म्हणजे माणूस भला होता. पण आम्हाला बघून त्याच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू पाहुण्यांसमोर घरातली चादर फाटकी निघावी.

"हुकूम वरून खाली कसा जातो, ते मला बघायचंय," तो तेलेस्फोरोला म्हणाला. "ती मशीनगन तिथून उचलून पश्चिमेच्या भिंतीपाशी न्यायला सांगा. क्रमाने जाऊ द्या. थेट ओरडायचं नाही."

तेलेस्फोरोने भिंतीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. अकराला दहा मिनिटं कमी होती. तो काही बोलायला गेला, पण कमांडंटने भुवया उंचावल्या. तेलेस्फोरोने मूठ कपाळाला लावली, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "लेफ्टनंट, मशीनगन पश्चिमेच्या भिंतीपाशी न्यायची आहे, माफ करा."

मी गौदिओसोकडे गेलो. तो कांदा चिरत होता. गौदिओसो हात पुसत एवारिस्तोकडे गेला. एवारिस्तो चाळीस पावलांवरच्या निकासियोकडे गेला. निकासियो मशीनगनच्या शेजारी सॉसेज खात होता.

"का?" निकासियोने विचारलं.

एवारिस्तो चाळीस पावलं परत आला. "शिपाई विचारतोय, का?" गौदिओसोने ते मला सांगितलं, मी तेलेस्फोरोला, तेलेस्फोरोने कमांडंटला.

"का म्हणजे?" कमांडंट म्हणाला. "हुकूम आहे म्हणून!"

उत्तर खाली गेलं. थोड्या वेळाने वर आलं: "हे कारण नाही, असं शिपायाचं म्हणणं आहे."

कमांडंटची मान लाल झाली. "त्याला सांगा, कारण विचारणं त्याचं काम नाही!"

तेही खाली गेलं. आता निकासियो आणि एवारिस्तो यांच्यात बरीच बोलाचाली झालेली आम्हाला दिसली. निकासियोने सॉसेजने भिंतीकडे खूण केली, मग आभाळाकडे. एवारिस्तोने मान डोलावली आणि परत वर निघाला. बूट त्याला मोठे होत होते, म्हणून हळूहळू.

"पुरे झालं!" कमांडंट म्हणाला. "मीच नेतो." आणि तो भिंतीच्या दिशेने चालू लागला.

तेव्हा तेलेस्फोरोने आयुष्यात पहिल्यांदा एका वरिष्ठ अधिकाऱ्याची बाही धरली. "साहेब, आपण जाऊ नये."

"हात सोडा!"

बाही सुटायच्या आधीच समोरच्या टेकडीवरून तो ओळखीचा खोकला ऐकू आला. त्यांची उखळी तोफ. गोळा शिट्टी वाजवत आला आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी, दाखवून दिलेल्या जागेच्या हातभर डावीकडे, फुटला. आम्ही सगळे आधीच खाली बसलो होतो. कमांडंट उभा होता, त्यामुळे चिखल सगळा त्यालाच मिळाला.

त्याने डोळ्यांतला चिखल पुसला. मग टोपी काढून झटकली.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो साहेब. रोज अकरा वाजता. रविवारी सुट्टी असते."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"स्वयंपाकाच्या खेचरालासुद्धा."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणं खालून वर येतच होतं, साहेब," तेलेस्फोरो नम्रपणे म्हणाला. "कॉर्पोरलपर्यंत पोचलं होतं."

कमांडंटने त्याच्याकडे बघितलं, तिथे थट्टा आहे का ते शोधलं, आणि ती नाही हे त्याला कळलं. मशीनगन होती तिथेच राहू द्यायला तो तयार झाला. जाताना तेलेस्फोरोला बाजूला घेऊन म्हणाला, "कॅप्टन, एक दिवस असा येईल की वर-खाली जायला वेळ नसेल. त्या दिवशी तुम्ही काय करणार?"

"राजीनामा देईन," तेलेस्फोरो म्हणाला.

तो दिवस फेब्रुवारीत आला. दोन दिवस दाट धुकं होतं, चॅपेलच्या दारातून चॅपेलची भिंत दिसत नव्हती. सकाळी आठच्या सुमाराला तेलेस्फोरो एवारिस्तोची दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. मी पाव काढत होतो. आणि दरीच्या बाजूच्या तारेवर आम्ही टांगलेल्या डब्यांपैकी एक वाजला. मग दुसरा.

वाऱ्याने डबे सगळे एकदम वाजतात. हे एकेक करून वाजत होते.

पुढच्या अर्ध्या मिनिटात चौऱ्याऐंशी माणसांना चौऱ्याऐंशी कल्पना सुचल्या. कुणी बंदुकीकडे धावला, कुणी बुटांकडे. गौदिओसो म्हणाला खालच्या वाटेने मागे सरकू. एवारिस्तो तोंडाला साबण तसाच ठेवून खंदकावर चढला आणि ओरडायला लागला, "चला, आपणच खाली उतरून त्यांना गाठू! कोण येतंय?" आठ-दहा जण निघालेही.

"खाली बस!"

हा आवाज कुणाचा ते आम्हाला आधी कळलंच नाही.

"का?" एवारिस्तोने सवयीने विचारलं.

"बस म्हणतो ना, गाढवा!" तेलेस्फोरोने त्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं. खेचता खेचता एक गोळी आली आणि एवारिस्तोच्या मांडीतून गेली. ती डोक्याच्या उंचीवर होती, पण तोपर्यंत डोकं खाली आणि पाय वर झाले होते. "सगळे खंदकात! कुणी गोळी झाडायची नाही! ब्लास, डावीकडे जा, सगळ्यांना सांग, मी म्हणेपर्यंत कुणी झाडायचं नाही. निकासियो, गन तारेच्या फटीकडे. गौदिओसो, तू मागच्या वाटेवर उभा राहा, आणि तिकडून कुणी पळाला तर त्याला पळीने मार!"

मी डावीकडे धावलो. खरं सांगतो, का असं विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. निकासियोनेही विचारलं नाही. धुक्यात बूट घासल्याचे आवाज येत होते, कुणीतरी हळूच खोकलं, मग तार कापायच्या पकडीचा कट् असा आवाज. सगळं हातभर अंतरावर असल्यासारखं वाटत होतं. तेलेस्फोरो खंदकाच्या काठावर हनुवटी टेकवून बसला होता. हातात अजून वस्तराच होता.

धुक्यातून टोप्या दिसल्या तेव्हा तो म्हणाला, "आता."

सगळं पाच मिनिटांत संपलं. ते उतारावरून परत पळाले. तारेपाशी तिघे पडले होते. आमच्यातलं कुणी मेलं नाही, चौघे जखमी झाले. दुपारी धुकं विरळ झाल्यावर पलीकडचे पांढरं फडकं घेऊन आपल्या तिघांना न्यायला आले. त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या का, यावर आम्ही मत घेतलं. एकही हात वर गेला नाही. पडलेल्या तिघांतला एक तर माझ्याच वयाचा होता, आणि त्याच्या पायात दोरीच्या चपला होत्या.

तेलेस्फोरो चॅपेलच्या मागे जाऊन ओकला. मी त्याला पाणी दिलं. त्याने चूळ भरली, अर्धं पाणी बाहीवरच्या पट्ट्यांवर सांडलं.

"ब्लास," तो म्हणाला, "मी किती जणांवर ओरडलो?"

"सगळ्यांवर."

"देवा," तो म्हणाला. देव आम्ही मानत नव्हतो, पण त्या दिवसापुरता मी तो चालवून घेतला.

संध्याकाळच्या आत सभा भरली. बोलावली एवारिस्तोने. त्याला खाली इस्पितळात न्यायला स्ट्रेचर आलं होतं, पण सभा झाल्याशिवाय जाणार नाही म्हणून तो स्ट्रेचरवर उठून बसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्या गालावर दाढी आणि वाळलेला साबण.

"माझी कॅप्टनविरुद्ध तक्रार आहे," तो म्हणाला. "एक. दिवसाला तीन हुकुमांची हद्द असताना त्याने आज सात दिले. मी मोजलेत. दोन. एकाचंही कारण सांगितलं नाही. तीन. मला सगळ्यांसमोर गाढव म्हणाला."

"आणि त्याच्यामुळेच तू जिवंत आहेस," मी म्हणालो.

"तो वेगळा विषय आहे. त्याबद्दल मी त्याला घरी बोलावून वाइन पाजेन. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

आरोपांवर मत घेतलं. एकसष्ट हात वर गेले, दोषी. तेलेस्फोरोचा चेहरा उजळला. इतका खूश मी त्याला युद्ध सुरू झाल्यापासून बघितला नव्हता.

"सोबत्यांनो, मला सगळं कबूल आहे," तो म्हणाला आणि पट्ट्या उसवायला लागला. "मला काढून टाका."

"थांब थांब," एवारिस्तो म्हणाला. "काढायचं? ती शिक्षा झाली की बक्षीस?"

लोक हसायला लागले.

"माझा प्रस्ताव असा. गुन्हा सिद्ध झालाय, तर शिक्षा म्हणून याने युद्ध संपेपर्यंत कॅप्टनच राहायचं. कोण तयार?"

हात वर गेले. मी मोजायचं काम करत होतो, पण मोजायची गरज पडली नाही.

"हा अन्याय आहे!" तेलेस्फोरो म्हणाला.

"आपण खाली बसावं, कॅप्टनसाहेब," निकासियो म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. आणि निकासियोलाच ते इतकं अवघड वाटलं, की तो उठून मशीनगन पुसायला गेला.

गुरुवारी ओरोसिया आली. बातमी तिला गावातच कळली होती. तिने नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, कुठे भोक नाही याची खात्री केली आणि मग सणसणीत कानाखाली वाजवली. "न्हाव्यासारखा न्हावी, आणि डोकं वर काढून बघत बसतोस होय तारेकडे?" मग खाली बसून रडली. मग आम्हाला सगळ्यांना शिव्या दिल्या, वाकून बघायची साधी अक्कल त्याला कुणी शिकवली नाही म्हणून. तेलेस्फोरो गाल चोळत तिच्या शेजारी बसला. बाहीवरच्या पट्ट्या तिने त्या दिवशी उसवल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आघाडी मोडली. टेकडी गेली, गाव गेलं, आणि आम्ही मागे सरकत सरकत १९३९ च्या फेब्रुवारीत सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेलो. तिथे समुद्रकाठच्या वाळूवर काटेरी तारेच्या आत आम्हाला ठेवलं. छप्पर नाही, कांबळं नाही. आमच्या चौऱ्याऐंशीपैकी एकतीस जण एका जागी होतो. एवारिस्तो लंगडत होता, पण होता.

दुसऱ्या दिवशी एक फ्रेंच शिपाई तारेपाशी ओरडून गेला: अधिकाऱ्यांनी पुढे यावं, त्यांना वेगळं ठेवणार. वेगळं म्हणजे फळ्यांच्या खोल्या, असं कळलं.

"जा," आम्ही तेलेस्फोरोला म्हणालो.

"मी न्हावी आहे," तो म्हणाला.

"अरे, छप्पर आहे तिथे! जा!"

"मला तिथे काय करायचंय?"

शेवटी निकासियो आणि मी त्याला दोन्ही दंडांना धरून तारेपर्यंत नेलं आणि त्या शिपायाच्या ताब्यात दिलं. ओरोसियाला बायकांबरोबर दुसरीकडे नेलं होतं. ती पुढे सात महिन्यांनी त्याला तुलूजमध्ये भेटली.

दोन दिवसांनी सकाळी तेलेस्फोरो परत आला. खांद्यावर दोन कांबळी होती आणि खिशात सार्डिनचा डबा.

"काय झालं?" एवारिस्तोने विचारलं. "हाकललं?"

"नाही. मीच आलो." त्याने एक कांबळं एवारिस्तोच्या पायावर टाकलं. "तिथे एकशे चाळीस अधिकारी आहेत आणि पाण्याचा एक नळ. आधी पाणी कुणी भरायचं ते ठरवण्यासाठी कोण कुणाच्या वर आहे त्याचा क्रम लावतायत. दोन दिवस झाले, अजून कर्नलच चाललेत."

"मग प्यायलास काय?"

"रात्रभर नळ मोकळाच असतो," तेलेस्फोरो म्हणाला, आणि डबा उघडायला कुणाकडे चाकू आहे का ते विचारू लागला.